निळ्या बोटातलं दूध

ती कोकरं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. कुंपणाशी पडलेली, अंगावर जखम नाही, जिभा पांढऱ्याफटक, आणि भर उन्हात त्यांच्यावर माशी बसत नव्हती! एकसुद्धा नाही! मी पोलीस खात्यातून लवकर बाहेर पडलो, पण सांगोल्याकडची ही केस भेटेल त्याला सांगतो.

सकाळी ठाण्यात पोलीस पाटलांचा फोन आला. "सायेब, लवकर या. लोक म्हातारीला वढून काढाया निघाल्यात. करणी केली म्हनत्यात."

म्हातारी म्हणजे गावाबाहेर एकटी राहणारी विधवा. ती मेंढपाळाच्या दारावरून गेली की कोकरू मरतं, अशी बोंब होती. आम्ही पोचलो तेव्हा तिचं छप्पर निम्मं उचकटलेलं, आणि ती चुलीपाशी बसलेली. तिला गाडीत बसवलं, जादूटोणाविरोधी कायद्याचा दम देऊन जमाव हटवला. हटला म्हणजे काय, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

मेंढपाळाला विचारायला घेतलं.

"कोणती कोकरं मेली?"

"ज्यांच्या आया आटल्या ती. आईजवळची धडधाकट हायत की. निवडून खाती ही बया!"

हवालदार माझ्या कानात म्हणाले, "चेटकीण लई चोखंदळ दिसते, साहेब."

हसू आलं, आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख झालं. मरतायत ती फक्त वरचं दूध पिणारी! मेंढपाळाच्या बायकोला म्हटलं, "ताई, दूध कसं पाजता ते दाखवा बरं."

तिनं खुंटीवरचा निळा रबरी हातमोजा काढला, त्यात कोमट दूध ओतलं. एका बोटाच्या टोकाला सुईनं भोक पाडलेलं. मोजा फुगला, बोटं ताठ झाली. तो मनगटापासून तुटलेला हात एका कोकराकडे गेला आणि बोटातून दूध ठिबकलं. मी मधे हात घातला.

"थांबा! पाजू नका!"

तिच्या स्वतःच्या बोटांचीही सालं निघाली होती. "डाळिंबं निवडाया जाते तितं हे घालाया देत्यात," ती म्हणाली. "न फाटलेले घरी आनते. बोटं बी त्या म्हातारीमुळंच गेली, सायेब." मोजा हुंगला तर नाक झोंबलं.

डाळिंबाच्या पॅकिंगवाल्यानं मोजे कुठून येतात ते सांगितलं. माळावरचं पत्र्याचं शेड. दार ढकललं आणि हवालदार दोन पावलं मागं सरले. दोऱ्यांवर नजर पोचेल तिथवर निळे हात! वाऱ्यानं फुगलेले, सगळे एकदम बोटं हलवत होते. मागच्या ओढ्याकाठी गवत जळालेलं, बेडकाचा आवाज नाही.

मालक आधी म्हणाला, "नवे हायत की!" खाली वापरलेल्या मोज्यांची पोती सापडल्यावर सूर बदलला. "दवाखान्यातले हायत. पन धुतो की, सायेब! लई कडक औषध. एक जंतू राहत न्हाय."

"आणि औषध कुठं जातं?"

औषध मोज्यातच राहत होतं. कोमट दुधात उतरत होतं, घामानं डाळिंबं निवडणाऱ्या बायकांच्या कातडीत मुरत होतं, उरलेलं ओढ्यात. तपासणीच्या अहवालात तेच आलं. मालकावर गुन्हा दाखल झाला.

अहवाल मी स्वतः गावात नेऊन मोठ्यानं वाचला. मला वाटलं, संपलं. पण म्हातारी समोरून आली तशा बायकांनी कोकरं पदराआड घेतली. तेव्हा कळलं, आरोपी आत टाकता येतो, लोकांच्या मनातली भीती जप्त करता येत नाही.

मग मेंढपाळाची बायको उठली. आई आटलेलं एक कोकरू तिनं म्हातारीच्या मांडीवर ठेवलं, शेजारी दुधाची वाटी. म्हातारीनं आपलं बोट दुधात बुडवलं. कोकरू चुटूचुटू चोखू लागलं. सगळं गाव श्वास रोखून, ते आता मरतंय की मग, हे बघत उभं. मीही.

कोकरू उठलं, शेपटी हलवली आणि म्हातारीच्या लुगड्यावर मुतलं.

"घ्या," ती म्हणाली, "ही बी माझीच करणी!"

पहिल्यांदा हसला तो मेंढपाळ.