काचेवरच्या बाईचा चेहरा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. लातुरात मला पेंटर म्हणून ओळखणारी माणसं लई आहेत, त्यातल्या एकालाही हे ठाऊक न्हाई. आता सांगायचं ठरवलंय. चौथी शिकलेला माणूस मी. बोर्डावर हात चालतो तसा कागदावर चालत न्हाई. पण लिहिणार मीच. दुसऱ्याकडून लिहून घेतलं, तर तो माझी बाजू घेईल.

वकीलसाहेबांपासून सुरू करतो. म्हातारे, ताठ, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत. वकिली कधीच सोडलेली, बेगम वारलेल्या, दोन्ही पोरं पुण्याला. घरात माणूस कमी आणि चित्रं जास्त. निजामाच्या वेळची, त्याच्याही आधीची — बीदर, उदगीर, देगलूरकडून हयातभर गोळा केलेली. विकायला एकही नव्हतं.

ओळख कशी झाली? मी ट्रकच्या मागच्या फाळक्यावर घोडा काढत होतो. हे मागं येऊन उभे राहिले. "पेंटर, ये घोडा है के गाढव? मांडी बघ त्याची."

मी म्हणालो, "साहेब, पैसे ड्रायव्हर देणार हाय. तुम्ही वाट धरा."

ते हसत सुटले. दुसऱ्या दिवशी घरी बोलावून खरा घोडा दाखवला — वीतभर कागदावर, पण अंगावर येईल असा. मग दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांच्याकडं चहा. मला खुर्ची, ते स्वतः पलंगावर. मी जे काही बघायला शिकलो ते त्या खुर्चीत.

सगळ्यात लाडकं चित्र काचेवरचं होतं. हिरव्या साडीतली बाई, हातावर पोपट. त्यांच्या अम्मीजानच्या माहेरून आलेलं. पाहुणा आला की आधी ती बाई, मग चहा.

भूकंपात किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आमच्या लातुरात भिंतींना भेगा पडल्या, काही घरं बसली. साहेबांची ती काच खिळ्यावरून खाली आली. फुटली न्हाई! पण मागची फळी निघाली आणि भिंतीची माती आत गेली. साहेब ती दुपट्यात गुंडाळून, लेकरासारखी धरून माझ्या दुकानात आले. "फळी नवी बसव, पेंटर. चित्राला हात लावू नको."

हात लावू नको — मला? सगळ्या लातुरात ज्याच्या हाताचं नाव, त्याला? ते मला लागलं. इथूनच सगळं बिघडलं.

काचेवरचं काम उलटं असतं. रंगवायचं मागून, बघायचं पुढून. म्हणून डोळे आधी, त्यावर चेहऱ्याचा रंग, मागची पार्श्वभूमी शेवटी. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. साहेबांनीच सांगितलं होतं. तरी मागून दिसणारा तो मातकट थर मला मातीच वाटला — किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. थिनरची चिंधी फिरवली. चिंधी गव्हाळ झाली. काच उलटी करून बघितली, तर बाईच्या चेहऱ्याच्या जागी मला पलीकडची माझीच बोटं दिसली.

तेव्हाच जाऊन सांगायला पाहिजे होतं. न्हाई गेलो. दुकानाचं शटर ओढलं आणि चेहरा रंगवायला बसलो. काढला, पुसला, परत काढला. मी कुठलाही चेहरा रंगवला की डोळ्याच्या बुबुळात एक पांढरा ठिपका देतो, त्यानं माणूस जागा होतो. काचेवर तो ठिपका सगळ्यात आधी द्यावा लागतो. दिला.

साहेबांनी काच उजेडाला धरली. म्हणाले, "बघ पेंटर, एवढी जमीन हलली, पण बाईनं पापणी हलवली नाही. असा हात आता होणे नाही."

आणि मला काय वाटलं सांगू? शरम? शरम नंतर. आधी आनंद झाला. माझा हात जुन्या उस्तादाचा हात म्हणून खपला! त्या आनंदावर मी कित्येक शुक्रवार चहा प्यालो.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. नंबरात आलेल्या पोरापोरींचे चेहरे भिंतीएवढे रंगवायचं काम माझ्याकडं. चौकाचौकात माझी पोरं, डोळ्यात माझा ठिपका. त्याच सुमारास नांदेडला एक संग्रहालय उभं राहणार होतं. तिथल्या एक मॅडम साहेबांची चित्रं बघायला आल्या, तेव्हा मीही माझ्या खुर्चीत होतो. सगळी चित्रं एकत्र, एका छताखाली राहावीत — साहेबांना आयुष्यात एवढंच बाकी होतं. मॅडम खूश होत्या. काचेपाशी मात्र थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, चेहरा नंतर रंगवलेला आहे. डोळ्यातला हा ठिपका जुन्या कामात नसतो. चित्र आम्ही घेऊच, फक्त खाली तशी एक ओळ लिहू."

एक ओळ. तेवढ्यानं भागत होतं.

साहेब माझ्याकडं वळले. "पेंटर, तू बोल."

मी बोललो. "ठिपका पहिल्यापासून हाय, साहेब. मी फक्त फळी बसवली."

साहेब मॅडमना म्हणाले, "हा माणूस माझ्यापाशी खोटं बोलणार नाही. तुमची ओळ नको आणि तुमचं छतही नको." त्यांनी चहासुद्धा संपवू दिला न्हाई. मॅडमनी पुन्हा दोनदा निरोप धाडला. साहेबांनी दार उघडलं न्हाई.

साहेब गेल्यावर पोरांनी घर विकलं. चित्रं व्यापाऱ्यांनी नेली — कोण हैदराबादचा, कोण मुंबईचा. कुठलं कुठं गेलं, कुणाला पत्ता न्हाई. घर पाडून तिथं क्लासच्या मुलींचं हॉस्टेल झालं. त्याचा बोर्ड मी रंगवला. नाही म्हणता आलं असतं. म्हणालो न्हाई.

पण ही एवढीच गोष्ट असती तर कदाचित मी पोटात ठेवून मेलो असतो. खरं सांगायचं आहे ते साहेब जायच्या आधीचं आहे.

साहेब अंथरुणाला खिळले तेव्हा मला बोलावून घेतलं. आवाज बसलेला. खुर्ची जवळ ओढायला लावली आणि माझा हात धरला. म्हणाले, "पेंटर, माझ्या घरात, माझ्यासमोर त्या नांदेडच्या मॅडमनं तुझ्या कामावर संशय घेतला. मी तिला बोलावलं होतं, म्हणजे चूक माझी. मला माफ कर."

तिथं तरी तोंड उघडायचं होतं की न्हाई? खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ते माझ्या तोंडाकडं बघत वाट पाहत होते.

मी म्हणालो, "जाऊ द्या साहेब. केलं माफ."

त्यांना बरं वाटलं. डोळे मिटले आणि शांत पडून राहिले. मी हात सोडवून घेतला आणि घरी आलो.