रागाची पायरी

पूर्वी गरीब गाय असलेला शिंपी डोक्याला मार लागल्यापासून भडक माथ्याचा झाला होता. टाका चुकला की कात्री भिरकावायचा. समुपदेशक बाईंनी त्याच्याकडून एकच गोष्ट घटवून घेतली: राग आला की हातातलं खाली ठेवायचं आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसायचं. बायको मात्र सगळं मुकाट्यानं गिळत राहिली. कुणी विचारलं, तर "मला काय धाड भरलीये," म्हणायची.

एके दुपारी तिच्या हातून गिऱ्हाइकाचा सदरा जळला आणि तिनं इस्त्रीच फेकायला उगारली. शिंपी मशीनवरून उठला. त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं, तिच्या हातातली इस्त्री अलगद काढून उभी ठेवली, तिला पायरीवर नेऊन बसवलं आणि शेजारी टेकला.

"उठायची घाई करू नकोस," तो म्हणाला. "मला कधीकधी दिवेलागणीपर्यंत बसावं लागतं."