गोडादऱ्यात देव हलले त्या दिवशी

सुरतच्या गोडादऱ्यात नूतन देवरेंना एका नावाने कुणी हाक मारत नाही. ज्यांच्या मुलांना त्यांनी शिकवलं त्या बाया 'मॅडम' म्हणतात. ज्यांच्या गल्लीत नळ आला त्या 'ताई' म्हणतात. आणि ज्यांचा कर्जाचा अर्ज परत आला, त्या समोर 'ताई' आणि माघारी 'नाही-बाई' म्हणतात. तिन्ही नावं त्यांना ठाऊक आहेत.

वडील खानदेशातल्या धरणगावहून लूमवर कामाला आले. नूतनताई इथेच वाढल्या, घरी अभ्यास करून अर्थशास्त्रात एम. ए. झाल्या आणि मराठी माध्यमाच्या शाळेत चौदा वर्षं अकरावी-बारावीला तोच विषय शिकवला. मागणी-पुरवठा शिकवायचा तर त्या मुलांना शनिवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी बाजारात पाठवून मेथीचा भाव लिहून आणायला सांगत. पुढे पाण्यासाठी मोर्चा काढला, लोकांनी उभं केलं आणि त्या नगरसेविका झाल्या. पाच वर्षांत चार गल्ल्यांना पाणी देण्याचं कबूल केलं होतं; तीन गल्ल्यांना आलं. पुढच्या निवडणुकीत दोनशे बारा मतांनी पडल्या. "हिशेब बरोबर आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चौथ्या गल्लीत तेवढीच मतं आहेत."

मग बायांनी त्यांना तितूर महिला क्रेडिट सोसायटीचं अध्यक्ष केलं. चारशे बारा सभासद, बहुतेक जणी कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या. त्या खुर्चीवर बसल्यापासून नूतनताईंचं बोलणं कमी झालं आणि झोप वाढली.

मागच्या श्रावणात सोसायटीच्या ऑफिसला रंग द्यायचा ठरला. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, त्याआधी खानदेशी माणूस भिंतींना रंग लावतोच. गुरुवारी सकाळी साडेसातला शिपाई लोटूअप्पांनी देव्हाऱ्यातले देव लाल कापडात बांधले, ताटात ठेवले, ताट डोक्यावर घेतलं आणि भर रस्त्याने नूतनताईंच्या घराकडे निघाले. रंगाचे शिंतोडे देवांवर उडू नयेत, एवढाच त्यांचा विचार.

पण खानदेशात घर सोडताना आधी देव निघतात, मग भांडी. एकदा देव निघाले की मागे राहतं ते फक्त कुलूप. शिवणकामाला निघालेल्या दोघींनी लोटूअप्पांना पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

नऊ वाजता खिडकीपुढे तीस बाया होत्या. पावणेदहाला रांग पानटपरीच्या पुढे गेली होती.

मॅनेजर वैशाली घाबरीघुबरी झाली. "ताई, 'सर्व्हर बंद' अशी पाटी लावू का? आजचा दिवस तर निघेल."

"आणि उद्या काय बंद आहे म्हणून सांगशील?"

नूतनताई रंगाऱ्याच्या स्टुलावर चढल्या. देव आपल्या घरी आहेत, रंग वाळला की परत येतील, पैसे सुरक्षित आहेत, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. रांगेतून उत्तर आलं, "पाणी बी येणारच होतं, ताई!"

सगळी रांग हसली. ती बाई चौथ्या गल्लीतली होती. नूतनताईंनाही हसू आलं. त्या स्टुलावरून उतरल्या.

पेटीत तीन लाख होते, बँकेत नऊ. बाकीचे पैसे कर्जाच्या रूपाने बायांच्याच घरात होते. कुठे शिलाई मशीन, कुठे मुलाची कॉलेजची फी. सगळ्या जणींनी आजच पैसे मागितले तर सोसायटी दुपारीच बुडणार होती, आणि एकदा बुडाली की पुन्हा उभी राहणार नव्हती.

त्यांनी रांगेकडे नीट पाहिलं. बाया खिडकीकडे कमी आणि मोबाइलवरच्या घड्याळाकडे जास्त बघत होत्या. अकरापर्यंत मार्केटात पोचलं नाही तर अर्धी हजेरी जाते. पण खिडकी दोनला बंद होते, म्हणून रांग सोडवत नव्हती.

नूतनताईंनी बोर्डावर खडूने लिहिलं: आज खिडकी रात्री नऊपर्यंत. जिला हवे तिला पूर्ण पैसे.

"नऊ?" वैशाली कुजबुजली. "ताई, पैसे पुरणार नाहीत!"

"सगळ्या एकदम आल्या तर कुठल्याच बँकेत पुरत नाहीत. म्हणून तर त्यांना सावकाश येऊ द्यायचं. तू दुसरं टेबल लाव."

रांगेत पहिल्या होत्या धुरपदाबाई, वय अडुसष्ट, ठेव बावीस हजार.

"मुदत मोडली तर व्याज कापलं जाईल, मावशी."

"कापू दे. माले मना पैसा देई टाक."

चार मिनिटांत पैसे हातात. धुरपदाबाईंनी ते तिथेच उभं राहून दोनदा मोजले. मागच्या चाळीस जणींनी त्यांच्याबरोबर मोजले. मग पाठीमागून एकीने विचारलं, "नऊपर्यंत नक्की ना?"

"नक्की."

"मग मी मार्केटहून आल्यावर घेते. हजेरी कशाला घालवू?"

ती निघाली तशा तिच्या मागच्या तिघी निघाल्या. सव्वाअकराला रांगेत एकोणीस जणी उरल्या. त्यांना पैसे मिळाले, चहाही मिळाला. वैशालीने दुपारी बँकेतून आणलेल्या नोटांचं बंडल सुटलंच नाही.

साडेसातला मार्केटच्या रिक्षा येऊ लागल्या. नूतनताई तिसरा चहा थंड होऊ देत खिडकीत बसल्या होत्या. बाया उतरत, आत दिवा बघत, खिडकी उघडी बघत.

"उघडीच शे व!"

"मग उद्या बघू. कुकर लावायचाय."

आणि घराकडे वळत. पैसे काढायला चार जणी आल्या. पाचव्या आल्या त्या धुरपदाबाई, पदराला घट्ट गाठ मारून.

"घरात जागाच नाही ठेवायला. पिठाच्या डब्यात घातले, तर सून नेमकी आजच दुपारी भाकरी टाकायला बसली. सकाळचंच खातं चालू कर."

"मोडलं ते मोडलं, मावशी. नवी मुदत आजपासून. कापलेलं व्याज परत नाही."

"किती गेलं?"

"अकराशे चाळीस."

"नगरसेवक होतीस तेव्हा 'बघू' तरी म्हणायचीस!"

"तेव्हा मतं हवी होती."

रंगाऱ्यासकट सगळे हसले. धुरपदाबाईंनी गाठ सोडली आणि नोटा खिडकीतून आत सरकवल्या.

"धर. एक रुपया जरी सोडला असतास ना, तर कुठेतरी पाणी मुरतंय समजून हे सगळे परत नेले असते मी."