रॉकेलला पात्र

कसबा पेठेतल्या मदिनाबीची भांडी साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होती. स्टोव्हवर रांधणाऱ्या बाईची पातेली बुडाशी काळी असायचीच; पण मदिनाबी ती राखेने अशी घासायची, की बुडात पाहून कुंकू लावावं. याचा तिला फार गर्व होता. गर्व करण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं म्हणा. नवरा मकसूद पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडून चार महिने झाले होते. ही गोष्ट तिने शेजारच्या शकूलासुद्धा कळू दिली नव्हती. माणूस दिवसाढवळ्या घरात कसा, याला तिने उत्तर शोधलं होतं, रात्रपाळी.

त्यातच रेशनच्या रॉकेलची भानगड उपटली. घरी गॅस असूनही लोक रॉकेल उचलतात, म्हणून घरोघरी तपासणी होणार होती आणि ती होईपर्यंत कुणालाच रॉकेल मिळणार नव्हतं. पंधरा दिवस झाले, तरी तपासणीवाल्यांचा पत्ता नव्हता.

शेवटी एका सकाळी दिगंबर नावाचे तपासनीस आले. गृहस्थ या कामात मुरलेले. खाटेखाली सिलिंडर शोधण्यासारखे कष्ट ते घेत नसत. उंबऱ्यातच म्हणायचे, "बाई, जरा चहा टाका." चहा कशावर उकळतो, ते आपोआप दिसायचं. शिवाय कागदावर सही करायला एक शेजारी साक्षीदार हवा, म्हणून शकूला त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं.

मदिनाबीने खुर्ची पुसून दिली. मकसूद आत तोंडावर चादर ओढून पडला होता.

"चहा टाका बाई. साखर कमी."

दारी आलेल्याला चहा नाही, असं मदिनाबीच्या घरात कधी झालं नव्हतं.

"हॉटेलातून मागवते साहेब. त्याचा चहा फार चांगला असतो."

"हॉटेलचा प्यायला मी तुमच्या घरी कशाला येऊ?" दिगंबररावांनी फळीवरचं एक पातेलं उचलून पालथं केलं. "वा! स्टोव्हवर इतकी लखलखीत बुडं? गॅस कुठे झाकलाय तेवढं सांगा. तुमचाही वेळ वाचेल, माझाही."

"गॅस नाही, साहेब."

"मग पेटवा स्टोव्ह."

शकू दाराला टेकून बघत होती. लबाड म्हणवून घ्यावं आणि गप्प बसावं, असं एक क्षण मदिनाबीच्या मनात खरोखरच आलं. लबाड म्हटलं तर गल्ली चार दिवस बोलेल नि विसरेल. पण दिगंबररावांनी पेन काढलं, 'अपात्र' लिहायला कागद गुडघ्यावर घेतला, तशी ती एका दमात बोलून गेली.

"स्टोव्हमध्ये थेंब नाही. परवापासून पेटलेला नाही. म्हणून भांडी स्वच्छ आहेत साहेब, त्यांत काही शिजलंच नाही. काळ्या बाजारातलं रॉकेल घ्यायची ऐपत नाही. पावावर आहोत. यांना चार महिने काम नाही."

बोलताना ती जमिनीकडे बघत होती. शरमेने कानशिलं तापली होती. शकूकडे बघायची तिची छाती झाली नाही.

दिगंबररावांनी स्टोव्ह उचलून हलवला. काही वाजलं नाही. त्यांनी तो हळूच खाली ठेवला, कागदावर 'पात्र' लिहिलं आणि साक्षीदाराच्या जागी बोट ठेवलं. शकूने सही केली.

"साहेब, चहा माझ्याकडे घ्या," शकू म्हणाली. मग अगदी हळू, "भाभी, तुम्ही पण या. भाईंनाही आणा."

"झोपलेत ते," मदिनाबी म्हणाली. "रात्रपाळी होती ना."

तोंडातून निघून गेलं. चार महिन्यांची सवय. शकूने मान डोलावली, जणू खरंच होती रात्रपाळी, आणि ती तपासनिसांना घेऊन गेली.

दार लावून मदिनाबी आत आली.

"मिळालं?" चादरीखालून मकसूदने विचारलं.

"मिळालं."

त्याने चादर काढली नाही. तिनेही काढा म्हटलं नाही.