उडी तिची, धक्का माझा

लग्नानंतर आम्ही पिरनवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहायला आलो, तेव्हा माझ्या सामानात सगळ्यात जपून आणलेली वस्तू म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर. त्यावर मी कॉलेजपासून एकच खेळ खेळत आलोय. खेळ बंदुकीचा, पण माणसं टिपण्यात मला कधी गोडी वाटली नाही. मला वेड उड्यांचं. पळता पळता उडी मारायची, हवेत असतानाच माऊस हळू वळवायचा आणि जमिनीला पाय लागतो न लागतो तोच पुन्हा उडी. हे जमलं की वेग वाढत जातो. मग खेळ बनवणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल अशा छपरावर आपण जाऊन पोचतो. स्वतःच्याच पायाखाली रॉकेट मारलं तर त्याच्या धक्क्यानं आणखी उंच जाता येतं.

अशा उड्या जोडून, मागं संगीत लावून व्हिडिओ करणारे हौशी लोक जगभर आहेत. व्हिडिओत खेळाडू दिसत नाही, त्याच्या डोळ्यांना दिसतं तेवढंच बघणाऱ्याला दिसतं. मीही असे व्हिडिओ करायचो. बघणारे मोजकेच, पण त्यात परदेशातले चार लोक होते याचा मला अभिमान होता.

बायको निपाणीची. बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करायची. एका रविवारी ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मला शिकवा म्हणाली. मी शिकवलं. ती भिंतीवर आपटायची, खड्ड्यात पडायची, स्वतःवरच हसायची. मला ते दिवस फार आवडले. काय चुकलं हे मी समजावून सांगायचो आणि ती मान डोलवायची.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीनवर असतो. दिवसभर घरी ती एकटीच. दुपारी अभ्यास झाला की ती खेळायला बसायची, हे मला ठाऊक होतं. पण कितीसं जमणार, असं धरून मी चाललो होतो.

एका संध्याकाळी मी चहा घेत होतो, तेव्हा ती म्हणाली, एक दाखवायचंय. एका कमानीवरून समोरच्या बुरुजावर जाणारी उडी होती. लग्नाआधीपासून मी त्या उडीच्या मागं लागलो होतो आणि ती मला कधीच साधली नव्हती. तिनं ती मारली. नुसती मारली असती तरी एक वेळ चाललं असतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नजर झटके खाते, तिची नजर पाटातल्या पाण्यासारखी वळत गेली. मी छान झालं म्हणालो. रात्री जेवताना आमटीत मीठ कमी पडलंय असंही म्हणालो. मीठ बरोबर होतं.

पुढं तिनं आपला व्हिडिओ टाकला. जगभरच्या उड्या गोळा करून दर वर्षी एक मोठा व्हिडिओ करणारा एक परदेशी माणूस आहे. मी त्याला दर वर्षी माझ्या उड्या पाठवायचो आणि त्याचं कधी उत्तर यायचं नाही. तिला त्यानं आपणहून लिहिलं. व्हिडिओखाली लोक विचारत होते, हा कोण, इतके दिवस कुठं होता. सगळ्यांनी तिला पुरुषच धरलं होतं. ती मला एकेक वाचून दाखवायची आणि पोट धरून हसायची. मीही हसायचो, पण मला ते जड जायचं.

मग एके दिवशी तिनं विचारलं, दोघांची उडी करूया का? या उडीत वरून येणारा खेळाडू टेकायच्या क्षणी खालच्यानं त्याच्या पायाखाली रॉकेट मारायचं असतं. धक्का बरोबर बसला तर वरचा आभाळात जातो. व्हिडिओ अर्थातच वरच्याच्या डोळ्यांतून.

"म्हंजे मी खाली थांबायचं?" मी विचारलं.

"व्हय. तुमचा नेम लई चांगला हाय."

मला ते कौतुक कौतुकासारखं वाटलं नाही. कामावरून दमून येतोय, दुसरं कुणीतरी बघ, असं मी सांगून टाकलं.

तिनं खरंच बघितलं. पोलंडमधला एक बेकरीवाला होता. पहाटेचं काम आटपून तो घरी यायचा, तेव्हा इथं दुपार टळलेली असायची. मी पहिल्या पाळीहून परत यायचो तर ही कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलत असायची. माझ्याशी ती इंग्रजीचा एक शब्द बोलली नव्हती. ती काहीतरी म्हणायची, तो पलीकडून काहीतरी म्हणायचा आणि ही हसायची. मला त्याचा आवाज ऐकू यायचा नाही. हातपाय धुऊन मी चहा स्वतःच टाकायचो आणि भांडी जरा जोरात ठेवायचो. तिच्या कानाला हेडफोन, तिला कुठलं ऐकू जायला. त्या माणसाचं तोंडही मी बघितलं नव्हतं, आणि दिवसभर मशीनसमोर उभा राहून मी त्याचाच विचार करायचो.

महिन्याभरानं एका रविवारी आम्ही मोटरसायकलवरून माझ्या गावी, बेळगुंदीला निघालो होतो. ती मागून सांगत होती की त्यांची उडी काही जमत नाही.

"त्याचा नेम चुकतोय व्हय?" मी विचारलं.

"न्हाय वो. तो लांब हाय न्हवं. त्यानं मारल्यालं रॉकेट इथं उशिरा पोचतंय. तंवर माझी उडी संपल्याली असतीया. दोघं एकाच खोलीत पायजेत."

मला इतका आनंद झाला की मी गाडी कडेला घेतली. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "खाली मी थांबतो." ती बरं म्हणाली. येताना मी थोरल्या भावाचा, अण्णाचा लॅपटॉप मागून आणला. आईनं विचारलं, हा कशाला? बँकेच्या अभ्यासाला, असं हिनंच परस्पर सांगितलं.

त्यानंतर कितीतरी रविवार आमचे त्यातच गेले. मी कधी लवकर मारायचो, कधी उशिरा. ती भिंतीवर आपटायची आणि माझ्याकडं न बघता म्हणायची, परत. पूर्वी हे मी म्हणायचो. एकदा चिडून मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तर ती जागेवर तशीच बसली होती, माझी वाट बघत.

मग एका दुपारी बसलं. माझ्या पडद्यावर ती अंगावर येताना दिसली, मी मारलं आणि ती वर गेली. बुरुजाच्या वर, त्याच्याही वरच्या दगडी कंगोऱ्यावर. बघता बघता ती ठिपक्याएवढी झाली. तिच्या पडद्यावर काय दिसत होतं हे बघायला मी मान वळवली नाही. मी तिला खालूनच बघत राहिलो. इतकी सुंदर उडी मी कुणाची बघितलेली नाही, आणि ती माझी नव्हती.

व्हिडिओत मी सुरुवातीला निमिषभर दिसतो, हातात बंदूक घेतलेला. खाली सगळे उडीबद्दलच लिहीत होते. एकट्या त्या पोलंडच्या बेकरीवाल्यानं रॉकेटबद्दल लिहिलं. असा नेमका क्षण साधणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे, मला महिनाभर जमलं नाही, खालच्या माणसाला माझा नमस्कार सांग, असं त्यानं लिहिलं होतं.

तिनं ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाली, "ह्याला तुमीच लिवा."

मी लिहायला बसलो. आधी आभार मानले. मग लिहिलं, ती माझी बायको आहे. मग लिहिलं, तिला उड्या मारायला मी शिकवलंय. हे लिहून झाल्यावर मलाच कसंसं वाटलं आणि मी ते खोडायला लागलो. ती मागं उभी राहून वाचत होती.

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. "खरंच हाय ते."

मी ते तसंच ठेवलं आणि पाठवून दिलं.