कानामागे लावून बघ

आमची मुलुंडची मामी कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. बिस्किटाचा पुडा, खोकल्याचं औषध आणि सगळ्यात जास्त चेहऱ्याची क्रीमं. दुकानातली मुलगी ट्यूबवरच्या गोऱ्यापान बाईकडे बोट दाखवून काहीतरी सांगत असायची आणि मामी चष्मा कपाळावर सरकवून, ट्यूब नाकाशी धरून मागची बारीक अक्षरं वाचत असायची. "पुढून काय, कोणीही हसतं," म्हणायची. "मागे बघ गो."

हा नाद तिला हौसेनं लागला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत तिनं कुठलंसं सुवासिक क्रीम लावलं आणि आरतीपर्यंत चेहरा असा सुजला, की माझ्या आजीला स्वतःची सून ओळखू येईना. क्रीमांमधला वास तुम्हाला सोसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मामी वाचायला लागली. बँकेत नोकरी करणारी बाई ती, बारीक अक्षरांना घाबरणारी नव्हती.

वाचता वाचता तिला त्यात गोडी लागली. मी एकदा केशराचं महागडं क्रीम मोठ्या ऐटीत तिला दाखवायला नेलं. तिनं आपलं रोजचं साधं क्रीम आणलं आणि दोन्ही डब्या जेवणाच्या टेबलावर उलट्या ठेवल्या. "जे जास्त असतं ते आधी लिहितात. आता वाच. हितं पाणी, तिथंही पाणी. हितं ग्लिसरीन, तिथंही ग्लिसरीन. आणि केशर कुठाय तुझं? पार शेवटी, वासाच्याही खाली! केशराला नुसतं दारावरून फिरवून आणलंय." माझा चेहरा पडलेला पाहून मात्र तिला वाईट वाटलं. "आवडलंय तर लाव गं. हौसेला मोल नसतं. फक्त केशर लावलं असं समजू नकोस."

तिचा दुसरा नियम ठिपक्याचा. नवं क्रीम कितीही चांगलं दिसो, आधी कानामागे एक ठिपका लावायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. लाली आली नाही, खाज सुटली नाही, तरच चेहऱ्याला. घाई केली की ती एवढंच म्हणायची, "उद्या बघू." मामाच्या दाढीच्या क्रीमचीही यातून सुटका नव्हती. नवी डबी आली की मामा बिचारा मुकाट्यानं कान पुढे करायचा.

समीरशी माझं लग्न ठरलं तेव्हा आत्यानं घाटकोपरच्या आमच्या घरी एक पांढरी डबी आणून दिली. तिच्या ओळखीच्या पार्लरमधली. थोड्याच दिवसांत माझा रंग उजळला. आई खूश, आत्या तर विचारूच नका. साखरपुडा तोंडावर आला होता. तेवढ्यात मामी आली. तिनं डबी उलटी केली, झाकण उलटं केलं, तळ पाहिला. एक अक्षर नव्हतं.

"हे आजपासून बंद," मामी म्हणाली.

"वहिनी, पोरगी एवढी छान दिसायला लागली, तुम्हाला बघवत नाही का?" आत्या भडकली.

मी मामीचं ऐकलं आणि माझ्या चेहऱ्याची वाट लागली. गाल लालबुंद झाले, आग व्हायला लागली, कातडी सुटायला लागली. आत्यानं सगळं खापर मामीवर फोडलं. मामीनंच मला डॉक्टरांकडे नेलं. डबीत बहुतेक स्टिरॉईड आहे, ते म्हणाले. सोडलंत ते योग्यच, पण एकदम सोडल्यानं त्वचा अशी उसळते, आधी यायला हवं होतं. मामी बाहेर येऊन बाकावर बसली. ती हळवी झाली की मालवणी बोलायची. "माका लिवलेला वाचता येता गो," म्हणाली, "नाय लिवलेला कसा वाचू? चुकला माझा." तिला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं ते गालांपेक्षा तिच्यासाठी.

साखरपुडा पुढे ढकलू या, आई म्हणाली. मुलाकडच्यांनी हा चेहरा पाहिला तर लग्न मोडेल, अशी तिला धास्ती होती. मामी मात्र घरी येईपर्यंत सावरली होती. "ढकलू नका. हिला आजच पार्ल्याला जाऊ दे, त्याला भेटू दे. अशीच, ओढणी न गुंडाळता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कानामागे लावून बघ त्याला."

मी गेले. स्टेशनबाहेर उभा असलेला समीर माझ्याकडे बघतच राहिला. मग छत्री उघडून माझ्यावर धरत म्हणाला, "एवढ्या उन्हात कशाला आलीस? मी आलो असतो ना!" मी घरी परतले तर मामी दारातच उभी होती. मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं. "लाली नाही ना आली?" एवढंच विचारलं आणि पोटभर हसली. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. फोटोंत माझे गाल टोमॅटोसारखे आहेत आणि ते फोटो मला फार आवडतात.

गेल्या वर्षी मामी आजारी पडली, तेव्हा आम्ही दोघं संध्याकाळी तिला भेटायला गेलो होतो. औषधांनी तिचे हात कोरडे पडून भेगाळले होते. मी बिनवासाचं नवं क्रीम नेलं होतं. तिनं ते सवयीनं उलटं केलं, पण तिला आता अक्षरं दिसत नव्हती. "वाच," म्हणाली. पाणी, ग्लिसरीन एवढंच मला वाचता आलं. समीरनं ट्यूब घेतली आणि पुढची अवघड नावं अडखळत, एकही न गाळता, शेवटपर्यंत वाचली. मग त्यानं बोटावर थोडंसं क्रीम घेतलं आणि मामीच्या कानामागे ठिपका लावला.

मामी डोळे मिटून हसली. "उद्या बघू," म्हणाली.

पहाटे मामी गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा बायका रडत होत्या. मी तिच्याजवळ बसले, तिचे केस बाजूला केले आणि आधी कानामागे पाहिलं. लाली नव्हती. मग मी ट्यूब उघडली आणि तिच्या दोन्ही हातांना भरपूर क्रीम चोळलं.