झाकलेला चौक

माझी मुलगी उधव्याजवळच्या आश्रमशाळेत दहावीला आहे. डहाणूच्या चित्रप्रदर्शनात आपलं चित्र लागावं, हे तिच्या डोक्यात आठवीपासून बसलेलं. यंदा तिनं लग्नाचा चौक काढला. आमच्या वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढतात, तो. चारी बाजूंची नक्षी, चंद्र-सूर्य, बाहेर नाचणारे लोक, सगळं नीट. मधली जागा मात्र कोरी. तिथं पालघट देवी असते, आणि ती लग्न झालेल्या बाईनंच काढायची.

चित्रकलेच्या सरांना ती कोरी जागा खुपली. ते देशावरचे, माणूस चांगला, पण म्हणाले, "अर्धवट चित्र डहाणूला पाठवणार नाही. सोमवारपर्यंत पूर्ण कर."

शनिवारी पोरगी घरी आली ती रडतच. मी तापट, मला राग आला तो दोघांचाही. सरांना काय कळतंय, आणि हिला तरी चौकच सुचायचा होता? मासेमारी काढायची, ताडी काढणारा काढायचा, मोकळं व्हायचं! पण ती हटून बसली. चौकच जाईल, आणि देवी काढणार नाही.

सासू चुलीवर बोंबील भाजत होती. निम्म्या पाड्याच्या लग्नांचे चौक तिच्या हातचे. ती म्हणाली, "मंग झाक ना. भगत येयपर्यंत देवीचा तोंड आमी तरी कोनाला दाखवतो का?"

खरंच की. देवी काढून झाली की आम्ही तिच्यावर कापड टाकतो. लग्नाच्या विधीत भगत आला की मगच ते दूर होतं. पोरीनं माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा कापून कोऱ्या जागेवर टाचला. सोमवारी सरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चित्र पाठवलं.

डहाणूच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त गर्दी त्या फडक्यापुढे. कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, प्रश्न एकच: खाली काय आहे? कुणी उचललं आणि कोरा कागद दिसला, तर पोरीचं हसं होणार. एका पाहुण्या बाईंनी खरंच हात घातला.

पोरीनं तो हळूच धरला. "मॅडम, असं नाय उचलायचं. लग्नाला या आमच्या पाड्यावर, मग दिसेल."

बाई हसल्या. "कोणाचं गं लग्न? तुझं?"

"माझं कशाला? मी शिकतेय. काकाचं आहे. देवी आजी काढेल, बाकीचा चौक मी."

माझ्या दिराच्या लग्नाचा चौक आपण काढणार, हे तिनं आजीला किंवा मला विचारलंही नव्हतं. मला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं.